सलाम फेरल्यानंतरची शंका



दहावीच्या गणिताचा पेपर सुटतो आणि परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर दुसरी एक परीक्षा सुरू होते. मुले-मुली प्रश्नपत्रिका उघडून एकमेकांना विचारू लागतात, "तुझे काय आले?" एकाचे उत्तर बारा, दुसऱ्याचे सोळा, तिसरा दोघांहून निराळेच सांगतो. मोबाईलवर कोणीतरी सोडवलेल्या उत्तरांची छायाचित्रे फिरू लागतात. पोफळी-शिरगावकडे निघालेल्या एस.टी.त जागा मिळेपर्यंत प्रश्नपत्रिकेच्या कडेला पेन्सिलीने गुणांची बेरीज मांडून झालेली असते, आणि दर वेळी ती आधीपेक्षा कमीच भरते. घरी पोहोचलेले मूल धड जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, आणि भूमितीच्या ज्या पुस्तकाची दोन दिवसांनी गरज आहे त्याला हातही लावत नाही.

या प्रसंगाविषयी आपला दीन काही सांगतो का? माझे उत्तर असे की, पुष्कळ सांगतो. एखादे काम करताना मनात येणारी शंका आणि काम संपल्यानंतर येणारी शंका यांचा जितका बारकाईने विचार आपल्या फुकहांनी (धर्मशास्त्रवेत्त्यांनी) केला आहे, तितका क्वचितच कोठे झाला असेल. त्यांनी तो नमाजच्या संदर्भात केला. पण त्यातून मिळणारी शिस्त आयुष्याच्या प्रत्येक परीक्षेला लागू पडते. या लेखात आपण ती शिस्त समजून घेऊ आणि मग गणिताच्या पेपरकडे पुन्हा वळू.

शंकेचे तीन प्रसंग

पहिला प्रसंग नमाज चालू असतानाचा. चार रकअतींच्या नमाजमध्ये उभ्या असलेल्या माणसाला शंका आली की, माझ्या तीन रकअती झाल्या की चार? हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या कथनानुसार, जे सहीह मुस्लिममध्ये आले आहे, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले की, अशा वेळी शंका बाजूला टाकावी, जेवढ्याची खात्री आहे तेवढे धरावे, उरलेले पूर्ण करावे आणि सलामपूर्वी दोन सजदे करावेत. म्हणजे तीन धराव्यात, एक रकअत आणखी पढावी आणि सजदा-ए-सहू करावा. येथे शंकेकडे दुर्लक्ष करण्यास सांगितलेले नाही, कारण काम अजून हातात आहे आणि दुरुस्तीला वाव आहे.

दुसरा प्रसंग सलाम फेरल्यानंतरचा. नमाज संपली, माणूस उठून मशिदीबाहेर आला, आणि मग मनात आले, 'मी शेवटच्या रकअतीत रुकू केला होता ना?' कोकणातील बहुसंख्य मुसलमान ज्या शाफई मसलकचे अनुयायी आहेत, त्याचे प्रसिद्ध मत असे आहे की, सलामनंतर एखाद्या फर्जविषयी आलेल्या नुसत्या शंकेचा नमाजवर परिणाम होत नाही. (नीयत आणि तकबीर-ए-तहरीमा यांविषयीच्या शंकेचा नियम वेगळा आहे, तो स्थानिक आलिमांकडून समजून घ्यावा.) याचे कारण फुकहांनी मोठ्या शहाणपणाने दिले आहे. एक तर काम बाह्यतः नीट पूर्ण झालेले आहे. दुसरे असे की, अशा प्रत्येक शंकेला मान द्यायचे ठरवले तर माणसाला जगणे कठीण होईल. काम संपल्यावर शंका येणार नाही असा माणूस कोण आहे?

तिसरा प्रसंग खात्रीचा. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली घटना आपण ऐकली असेल. प्रेषित (स.) यांनी एकदा दुपारच्या एका नमाजमध्ये दोनच रकअतींवर सलाम फेरला. हजरत अबू बकर (रजि.) व हजरत उमर (रजि.) तेथे होते, पण आदरामुळे बोलू शकले नाहीत. जुल्-यदैन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका सहाबींनी मात्र विचारले की, नमाज कमी करण्यात आली आहे की आपणांस विस्मरण झाले? प्रेषित (स.) यांनी त्यांना रागे भरले नाही. तसेच एकट्याच्या शब्दावर ताबडतोब निर्णयही केला नाही. उपस्थितांना विचारले, हे खरे सांगत आहेत काय? त्यांनी दुजोरा दिल्यावर उरलेली नमाज पूर्ण केली आणि सजदा-ए-सहू केला.

या तीन प्रसंगांतून एक साधा नियम हाती येतो. काम चालू असताना शंका आली तर तपासा. काम संपल्यावर नुसती शंका आली तर सोडून द्या. काम संपल्यावर पुराव्यानिशी चूक कळली तर योग्य मार्गाने दुरुस्त करा. खात्रीने सिद्ध झालेली गोष्ट नुसत्या शंकेने रद्द होत नाही, हे तत्त्व तर फिकहच्या मूलभूत तत्त्वांपैकी एक मानले जाते.

आता गणिताच्या पेपरकडे

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणिताचे दोन पेपर असतात. भाग १ म्हणजे बीजगणित, भाग २ म्हणजे भूमिती. प्रत्येक पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा. दोन्हींचे ८० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० असे मिळून १०० गुण होतात. २०२५ साली भाग १ चा पेपर ५ मार्चला होता आणि भाग २ चा ७ मार्चला. आपल्याकडे रमजान २ मार्चला सुरू झाला होता, म्हणजे दोन्ही पेपर पहिल्या अशऱ्यातच आले. निकाल लागला १३ मे रोजी. बीजगणिताचा पेपर आणि निकाल यांच्यामध्ये ६९ दिवस होते.

या काळाला वरील नियम लावून पाहा. पेपरचे दोन तास हा पहिला प्रसंग आहे. तेथे शंका ही तुमची मैत्रीण आहे. वर्गसमीकरणाची उकल मूळ समीकरणात ठेवून पाहा. संभाव्यता एकापेक्षा मोठी आली असेल तर थांबा. सांख्यिकीच्या सारणीतील वारंवारतांची बेरीज पुन्हा करा. शेवटची दहा मिनिटे यासाठी राखून ठेवणारा विद्यार्थी सजदा-ए-सहूची शिस्तच पाळत असतो.

उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांच्या हाती दिली की सलाम फेरला गेला. त्यानंतर फाटकाबाहेर येणारी शंका दुसऱ्या प्रसंगातली आहे. तिच्याने उत्तरपत्रिकेतील एक अक्षरही बदलत नाही. बदलते ते एवढेच की, पुढच्या पेपरसाठी ठेवलेले बळ मागच्या पेपरवर खर्च होते.

आमच्या पोफळीच्या रहिवाशांना हे समजावून सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयातले पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून येथल्या भूमिगत वीजगृहात उतरते, टर्बाइन फिरवते आणि बाहेर पडते. ते परत शिवसागरात चढत नाही. पण वायाही जात नाही. पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडवून त्याच पाण्यावर पुन्हा वीज निर्माण केली जाते, आणि मग ते वाशिष्ठीला मिळते. बीजगणितासाठी केलेली मेहनतही अशीच आहे. तो पेपर होऊन गेला. त्या अभ्यासाने आलेली आकडेमोडीची सफाई भूमितीतील महत्त्वमापनाला उपयोगी पडणार आहे, त्रिकोणमितीला उपयोगी पडणार आहे. मात्र तुम्ही मागे वळून उताराला उलटे चढायचा प्रयत्न करीत बसला नाहीत तर. सूरह अल्-इन्शिराहच्या (सूरह ९४) अखेरीस अल्लाहतआलाने प्रेषितांना (स.) जे शिकवले त्याचा आशय असा आहे की, एका कामातून मोकळे झाल्यावर पुढच्या परिश्रमाला उभे राहावे आणि आपला ओढा आपल्या पालनकर्त्याकडे ठेवावा. दोन पेपरांच्या मधल्या दिवसासाठी याहून नेमके मार्गदर्शन कोणते असेल?

फाटकाबाहेरचा हिशेब बहुधा चुकतो

गणिताच्या दृष्टीनेही ही जुळवाजुळव किती कच्ची असते ते पाहण्यासारखे आहे.

मुले फक्त शेवटचे उत्तर जुळवतात. परीक्षक मात्र सूत्र, मांडणी आणि पायऱ्या पाहून गुण देतो. शेवटच्या ओळीत वजाबाकी चुकली म्हणून चार गुणांच्या उदाहरणाचे चारही गुण जात नाहीत. पेन्सिलीने केलेल्या बेरजेत मात्र तेथे सरळ शून्य मांडलेले असते.

दुसरे, एकच उत्तर दोन रूपांत असू शकते. एकाने वर्गमूळ बारा लिहिले आणि दुसऱ्याने दोन गुणिले वर्गमूळ तीन, तर दोघांचे उत्तर एकच आहे. सहा छेद छत्तीस आणि एक छेद सहा यांत काही फरक नाही. तरी फाटकाबाहेर दोघेही घाबरतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे उत्तर बरोबर ठरते.

तिसरे, प्रश्नांत पर्याय असतात. 'कोणतेही दोन सोडवा' या प्रश्नात मैत्रिणीने जे दोन सोडवले ते तुमचे नसतीलही.

बारावीनंतरच्या एमएचटी-सीईटीची गोष्ट आणखी वेगळी. तेथे गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे असतात, चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, आणि परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत चालते. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. आपल्या सत्रात बसलेल्यांपैकी किती जणांना आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण आहेत, याचे ते माप आहे. त्यामुळे सकाळच्या सत्रातल्या मुलाने दुपारच्या सत्रातल्या मुलाशी कच्चे गुण ताडून पाहण्यात काही अर्थ उरत नाही. दोघांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या आणि दोघांचा तराजूही वेगळा.

ज्या पायऱ्या परीक्षक वाचतो त्यांचा विचार करताना मला नेहमी आणखी एक हदीस आठवते. ती बुखारी व मुस्लिममध्ये आहे. न्यायाधीशाने सत्य शोधण्यासाठी पूर्ण प्रयत्न करून निर्णय दिला आणि तो बरोबर ठरला तर त्याला दोन मोबदले आहेत, आणि प्रयत्न करूनही चूक झाली तर एक. ही हदीस जाणकार न्यायाधीशांविषयी आहे, हे खरे. पण अल्लाहच्या दरबारात फक्त शेवटची ओळ वाचली जात नाही, प्रामाणिक परिश्रमाची पायरीही मोजली जाते, हा दिलासा तीतून प्रत्येकाला घेता येतो. सूरह अन्-नज्ममध्ये (५३:३९) माणसाच्या वाट्याला त्याचा प्रयत्न येतो असे सांगितले आहे. तेथे उल्लेख प्रयत्नाचा आहे.

'जर' या शब्दाचे दार

फाटकाबाहेर सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द 'जर' हा आहे. जर मी ते उदाहरण आधी सोडवले असते, जर मी पहिले उत्तर खोडले नसते, जर शिकवणी बदलली असती. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याच कथनाने सहीह मुस्लिममध्ये आलेली शिकवण या शब्दाविषयी आहे. तिचा भावार्थ असा: जे तुझ्या हिताचे आहे त्यासाठी झटून प्रयत्न कर, अल्लाहकडे मदत माग आणि हातपाय गाळू नकोस. मग काही विपरीत घडलेच तर 'मी असे केले असते तर तसे झाले असते' असे म्हणू नकोस. अल्लाहने हे ठरवले होते आणि त्याने चाहिले ते केले असे म्हण, कारण 'जर' हा शब्द शैतानच्या कामाला दार उघडून देतो.

या शिकवणीचा क्रम लक्षात घ्या. आधी झटणे आहे, मग मदत मागणे, मग खचून न जाणे. तकदीरचे नाव या सर्वांच्या नंतर आले आहे. अभ्यास न करता 'नशिबात असेल ते होईल' म्हणणाऱ्याला ही हदीस आधार देत नाही. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, हा तिर्मिजीत आलेला उपदेशही तेच सांगतो. वर्षभर उंट मोकळा सोडून मार्चमध्ये केलेला तवक्कुल हा तवक्कुल नव्हे. पण उंट बांधून झाल्यावर रात्रभर जागून गाठ चाचपत बसणे हाही तवक्कुल नव्हे.

सूरह अल्-हदीदमध्ये (५७:२२-२३) याचे प्रयोजन स्पष्ट केले आहे: जे काही घडते ते आधीच लिहिलेले आहे हे कळल्यावर माणसाने हातून निसटलेल्या गोष्टीसाठी झुरू नये आणि मिळालेल्या गोष्टीने फुशारून जाऊ नये. ज्या मुलाचे सगळे उत्तर जुळले त्याच्यासाठीही या आयतीत धडा आहे. घाबरलेल्या मित्रासमोर मोठ्याने आपली उत्तरे सांगत सुटणे हा फुशारण्याचाच एक प्रकार होय.

तकरार आणि तक्रार

मग उत्तरे कधीच जुळवू नयेत काय? असे मी म्हणत नाही. ज्यांनी मदरशात काही वर्षे काढली आहेत त्यांना 'तकरार' हा शब्द माहीत असतो. उस्तादांनी दिवसा शिकवलेला धडा विद्यार्थी रात्री गोलाकार बसून एकमेकांपुढे पुन्हा मांडतात, चुका काढतात, अडलेले समजून घेतात. अरबीत तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. हाच शब्द मराठीत आला आणि 'तक्रार' झाला, कुरकुर झाला, गाऱ्हाणे झाला. शब्द एक, पण अर्थांत केवढे अंतर पडले!

उत्तरांची जुळवाजुळव या दोहोंपैकी कोणती आहे, हे ती कधी आणि कशासाठी केली यावर ठरते. दोन्ही पेपर संपल्यावर, किंवा घटक चाचणीनंतर, शिक्षकांसमोर बसून 'माझी पायरी कोठे चुकली' हे शोधणे म्हणजे तकरार. त्यातून ज्ञान वाढते आणि अकरावीचा पाया भक्कम होतो. पेपर सुटल्याबरोबर 'माझे किती गेले' हे मोजत बसणे म्हणजे तक्रार. पहिल्याला आपण मुहासबा (स्वतःचा हिशेब) म्हणू, दुसऱ्याला वस्वसा. मुहासबा करून उठलेल्या माणसाला पुढचे काम दिसते. वस्वशातून उठलेल्याला पुन्हा तोच वस्वसा दिसतो.

खरेच चूक असेल तर

आता तिसरा प्रसंग. चूक पेपर काढणाऱ्यांची असेल, तपासणाऱ्यांची असेल, तर सब्रच्या नावाखाली गप्प बसावे काय? जुल्-यदैन (रजि.) यांच्या घटनेने या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांनी अदबीने विचारले, साक्षीदारांनी दुजोरा दिला आणि दुरुस्ती झाली.

२०२५ च्या एमएचटी-सीईटीत हेच घडलेले आपण पाहिले. २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत चुका असल्याचे विद्यार्थी व पालकांच्या तक्रारींनंतर निष्पन्न झाले. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाने त्या सत्रातील सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा ५ मे रोजी घेतली. ज्यांनी प्रश्न नेमके दाखवून विचारणा केली त्यांच्यामुळे सर्वांना न्याय मिळाला. अशी विचारणा हे गाऱ्हाणे नव्हे. ती अमानत राखण्याचा भाग आहे. सीईटीत उत्तरतालिका जाहीर झाल्यावर ठरावीक मुदतीत शुल्क भरून प्रश्नागणिक आक्षेप नोंदवता येतो. दहावीच्या निकालानंतर मंडळाकडे गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, आणि छायाप्रत मिळाल्यावर पुनर्मूल्यांकनही मागता येते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठी हे काम कोकण विभागीय मंडळ पाहते.

हे मार्ग शंकेसाठी नाहीत, पुराव्यासाठी आहेत. छायाप्रत शिक्षकांना दाखवावी, बेरीज तपासावी, न तपासलेले उत्तर आहे काय ते पाहावे. काही सापडले तर अर्ज करावा. न सापडले तर मन मोकळे करून पुढे जावे. परीक्षकावर लबाडीचा आरोप करीत गावभर हिंडणे मात्र सूरह अल्-हुजुरातने (४९:१२) निषिद्ध ठरवलेल्या गोष्टींत मोडते. त्याच आयतीत वाईट संशय, दुसऱ्याच्या गोष्टी उकरणे आणि पाठीमागे निंदा या तिन्हींना मनाई आहे. शेजारच्या मुलीला किती पडतील याचा तपास तिच्या मैत्रिणींकडून काढणाऱ्या बायाबापड्यांनी आणि बाप्यांनीही ही आयत एकदा शांतपणे वाचावी.

आईवडिलांसाठी

येथवर मी विद्यार्थ्यांशी बोललो. पण सलामनंतरची शंका पुष्कळदा घरातूनच उठवली जाते. मूल दारात पाऊल टाकते न टाकते तोच "किती सुटले? किती पडतील? अमक्याला तर सगळा सोपा गेला म्हणे!" असा मारा सुरू होतो.

हजरत अनस (रजि.) लहान वयात प्रेषितांच्या (स.) सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. त्यांनी पुढे सांगितले की, या दहा वर्षांत प्रेषितांनी (स.) त्यांना कधी 'उफ्' म्हटले नाही, केलेल्या कामाबद्दल हे का केलेस असे विचारले नाही आणि राहिलेल्या कामाबद्दल हे का केले नाहीस असेही विचारले नाही. बुखारी व मुस्लिममध्ये ही साक्ष आहे. लहान मुलाच्या हातून दहा वर्षांत कामे बिघडली नसतील काय? सांडले असेल, विसरले असेल. तरीही त्या घरात झालेल्या गोष्टीची उलटतपासणी नव्हती. आपल्या घरात ती पेपर संपल्यापासून दहा मिनिटेही थांबत नाही.

२०२५ च्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला आला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि कोकणचा ९८.८२ टक्के. अल्हम्दुलिल्लाह, आपल्या शिक्षकांची आणि मुलांची ही मेहनत आहे. पण या आकड्याची दुसरी बाजू पाहा. जेथे शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव पार होतात तेथे मागे राहणारा एक अगदीच एकटा पडतो. आणि पार होणाऱ्यांनाही आता नापास होण्याची भीती वाटत नाही. भीती वाटते ती चुलतभावापेक्षा, शेजाऱ्यापेक्षा कमी पडण्याची. ही भीती गणिताने दिलेली नाही. ती आपण दिली आहे.

हे हलके घेण्याजोगे नाही. पेपरनंतर मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, 'माझा काही उपयोग नाही' असे बोलू लागले, तर उपदेश थांबवून त्याच्याजवळ बसा आणि त्याचे ऐका. त्याला एकटे सोडू नका. डॉक्टरांकडे नेण्यात कमीपणा मानू नका. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरात लिहून ठेवा; त्यावर मोफत बोलता येते. सूरह अन्-निसामध्ये (४:२९) स्वतःचा जीव घेण्यास मनाई करून लगेच अल्लाह तुमच्यावर दयाळू आहे असे सांगितले आहे. मनाईला लागूनच दया आली आहे. आपल्या मुलापर्यंत आपल्याकडून मनाई पोहोचते, दया पोहोचते काय?

आणि मुलांनो, रडू आले तर रडा. हजरत याकूब (अलै.) यांनी हजरत यूसुफ (अलै.) यांच्यासाठी इतके अश्रू ढाळले की त्यांची दृष्टी गेली, आणि तरीही त्यांच्या सब्रला कुरआनने सुंदर म्हटले आहे. त्यांनी आपले दुःख अल्लाहपुढे मांडले आणि मुलांना सांगितले की, जा, शोध घ्या, अल्लाहच्या दयेविषयी निराश होऊ नका (१२:८६-८७). अश्रू आणि शोध, दोन्ही एकाच वेळी. निकालानंतर पुरवणी परीक्षा असते, श्रेणीसुधारची संधी असते; एका वर्षाच्या मार्चने कोणाच्या आयुष्याचा सलाम फेरला जात नाही.

आचरणासाठी काही गोष्टी

१. उत्तरपत्रिका देताना 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणा आणि प्रश्नपत्रिका घडी करून दप्तरात ठेवा. दुसरा पेपर होईपर्यंत ती उघडू नका.

२. कोणी "तुझे काय आले?" असे विचारले तर नम्रपणे सांगा, "परवाचा पेपर झाल्यावर आपण दोघे मिळून पाहू." यात ना खोटे आहे, ना उद्धटपणा.

३. ज्याला पेपर सोपा गेला त्याने घाबरलेल्या सोबत्यापुढे त्याची चर्चा करू नये. त्याला भूमितीचे एखादे प्रमेय समजावून द्यावे.

४. परीक्षा रमजानमध्ये आली तर इफ्तारपूर्वीची वेळ दुआसाठी राखा. रोजेदाराची दुआ परत फिरवली जात नाही अशी हदीस तिर्मिजीत आहे. दुआत फक्त गुण मागू नका. उपयोगी पडणारे ज्ञान मागा.

५. आईवडिलांनी त्या दिवशी पहिला प्रश्न "जेवलास का?" किंवा रोजा असेल तर "थकलीस का?" एवढाच विचारावा.

६. निकालानंतर चूक दिसली तर मुदतीत, पुराव्यासह, सभ्य भाषेत अर्ज करावा.

नमाजनंतर प्रेषित (स.) तीन वेळा अल्लाहकडे क्षमा मागत असत, हे आपण जाणतो. क्षमा मागणे म्हणजे आपल्या कामात उणीव राहिली असेल हे मान्य करणे. पण उणीव मान्य करून ते नमाज पुन्हा पुन्हा पढत बसले नाहीत. इस्तिगफार करून पुढच्या कामाला उठले. प्रत्येक पेपरनंतर आपल्याला एवढेच करायचे आहे.

अल्लाहतआला आपल्या मुलामुलींना उपयोगी ज्ञान देवो, त्यांच्या परिश्रमात बरकत देवो, त्यांच्या मनातील वस्वसे दूर करो, आणि आपल्या घरांना त्यांच्यासाठी आसरा बनवो. आमीन.